घमेलं नसलेलं पंक्चर
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलंय, "तू नक्की काय करतेस ते दहा मिनिटांत सांग, आणि आम्हाला कळेल असं सांग." माझी आई वीस वर्षं सगळ्यांना "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, त्यामुळे मागणी रास्त आहे.

शाळेच्या फाटकाबाहेरचं पंक्चरचं दुकान आठवतंय? ट्यूब फुगवायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथे खूण करायची. मी तेच काम करते. फक्त माझी ट्यूब शेकडो किलोमीटर लांब आणि जमिनीत पुरलेली असते, आणि बुडवायला घमेलं नसतं. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमधली गळती ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो.

तुम्ही म्हणाल, गॅसचा वास येतोच की. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनला वास नाही. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली असा बिनवासाचा वायू साठत गेला. कोणालाच कळलं नाही. एका यंत्राची ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळण्याचा कायदा झाला. आज आपल्या घरी येणाऱ्या गॅसला जो घाण वास येतो, त्यामागे ती शाळा आहे. पण लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिनीत बऱ्याचदा हा वास नसतोच. तो पुढे शहराच्या वेशीवर मिसळतात. म्हणजे शेताखालून जाणारी वाहिनी गळली तर नाकाचा उपयोग नाही.

मग शोधायचं कसं? पहिली रीत वाण्याच्या वहीची: इकडून किती गेला, तिकडे किती पोचला. पण वायू दाबला जातो, त्यामुळे काही माल वाटेतच, पाइपच्या पोटात कमीजास्त साठून राहतो आणि वही रोज थोडी चुकते. शिवाय मीटरचीही चूक असते. मोठी गळती या वहीत लगेच दिसते, बारीक गळती मीटरच्या चुकीत लपते.

दुसरी रीत कान देण्याची. पाइप अचानक फुटला की दाब पडल्याची लाट दोन्ही बाजूंना धावते, सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने. सर, हे तुमचंच गणित आहे. दोन स्टेशनांमध्ये ३० किलोमीटर अंतर, आणि एका टोकाला लाट १० सेकंद आधी पोचली, तर भोक कुठे? त्या टोकापासून १३ किलोमीटरवर. वर्गात हे मला फळ्यावर जमलं नव्हतं, इथे पगार मिळतो म्हणून जमतं.

यात मशीन लर्निंग कुठे आलं? दाब, प्रवाह, तापमान यांचे वर्षानुवर्षांचे आकडे यंत्राला दाखवायचे. पंप कधी सुरू होतो, कारखाना सकाळी गॅस कसा ओढतो, हे त्याला शिकवायचं. मग नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की त्याने सांगायचं. अडचण अशी की गळतीची उदाहरणं फारच थोडी असतात, आणि तसंच असावं! त्यामुळे यंत्र रोजचं निरोगी वागणं पाठ करतं, आजार त्याने जवळजवळ पाहिलेलाच नसतो.

आता जरा आकडेमोड. यंत्र ९९.९ टक्के बरोबर आहे असं धरा. ऐकायला छान वाटतं. पाइपलाइनचे ४० भाग, प्रत्येकाची दर मिनिटाला तपासणी, म्हणजे दिवसाला ५७,६०० तपासण्या. त्यातल्या हजारात एक चुकली तरी रोज ५८ खोट्या घंटा. रात्रपाळीला बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी घंटा बंद करण्याचं बटण शोधतो.

आमचं असंच झालं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. कंट्रोल रूममधून रोज फोन: "मॅडम, हे फार ओरडतंय." मी मर्यादा वाढवली. बदल सलग दहा मिनिटं टिकला तरच घंटा, असा नियम घातला. फोन थांबले, कौतुकही झालं. तीन महिन्यांनी पुन्हा फोन आला. लाइनवर रोज पायी फिरून पाहणी करणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना भाताच्या खाचरात, साचलेल्या पाण्यात बुडबुडे दिसले होते. पावसाळा होता म्हणून बरं. उन्हाळ्यात गवत पिवळं पडण्याची वाट बघावी लागली असती. वाहिनी वेळेत बंद झाली, कोणाला काही झालं नाही. मामांनी फोन हातात घेतला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला हे दिसलं नव्हतं का?"

रात्रभर बसून मी जुने आकडे काढले. दिसलं होतं. अकरा दिवस, रोज रात्री, मागणी कमी झाली आणि प्रवाह शांत झाला की वहीत एकाच भागात थोडी तूट येत होती. माझ्या नव्या मर्यादेच्या जरा खाली. यंत्र अकरा वेळा सांगायला आलं होतं आणि मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं.

लाज वाटली. ती अजून पूर्ण गेलेली नाही. पण मर्यादा परत खाली आणून उपयोग नव्हता, पुन्हा ५८ घंटा झाल्या असत्या. मग आम्ही दोन वाटा केल्या. मोठा, एकाएकी झालेला बदल असेल तर घंटा, लगेच. बारीक शंका असेल तर घंटा नाही, रात्रीच्या शांत वेळेचे आकडे दिवसेंदिवस जोडत जायचे, आणि एकाच जागी तूट दिसत राहिली तर सकाळी मामांच्या फोनवर निरोप: "आज इथे जरा थांबून बघा." ते बघतात आणि परत कळवतात. "काही नाही, झडप नीट आहे", "इथे जेसीबी आला होता". हे त्यांचं उत्तर यंत्राच्या शिकवणीत जातं. ही युक्ती कुठल्या परिषदेत ऐकलेली नाही, ती त्या एका प्रश्नातून निघाली.

आपल्या ग्रुपवर काल कोणीतरी विचारलं होतं, घरी पाइपचा गॅस घेऊ का? खुशाल घ्या. फक्त लक्षात ठेवा, मिथेन हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साठतो. वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, ठिणगी उडते. खिडक्या उघडा, गॅसची झडप बंद करा, बाहेर या आणि बाहेरून फोन करा. शंकाच असेल तर जोडावर साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा आला की पंक्चर.

बाकी प्रश्न जेवताना विचारा. सरांनी मघाच घड्याळ दाखवलंय, आणि त्यांची ती नजर तीस वर्षांनीही तशीच आहे.