दार तासण्याआधी खांबाचा पाय पाहा



आमचे जुने घर रोहे तालुक्यात, कुंडलिकेच्या काठापासून फार लांब नाही. दगडी जोते, ऐनाचे आणि सागाचे खांब, वर कौले. पेण-रोह्याकडे पुष्कळ जुनी घरे अशीच आहेत. या घरात एका पावसाळ्यात माजघराचे दार अडू लागले. आजी म्हणाली, "लाकूड फुगलंय, रंधा मारून घ्या." रंधा मारला. पुढच्या वर्षी दार पुन्हा अडले, पुन्हा रंधा मारला. तिसऱ्या वर्षी तर ते भर वैशाखात, कोरड्या हवेत अडले. तेव्हाही आम्ही दारच तासले. त्या वर्षी आषाढात एका रात्री ओटीवरची तुळई कडकन वाजली आणि चार बोटे खाली आली. आम्ही मुले ओटीवरच निजलो होतो. कौले फुटून पडली. नशीब, कोणाच्या अंगावर आली नाहीत.

सकाळी सुतारकाका आले. दाराकडे त्यांनी पाहिलेही नाही. दाराजवळच्या खांबाच्या बुडाशी त्यांनी दाभण टोचले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. आजीला म्हणाले, "काकी, दुखत होता पाय, आणि तुम्ही तीन वर्षं नखं कापलीत!"

आज मला तुमच्याशी या पायाविषयीच बोलायचे आहे. कारण घरात भेग दिसली की आपण एक तर ती लिंपून टाकतो, नाही तर घाबरून सारे घर पाडायला निघतो. एका खांबाच्या दुखण्यासाठी धडधाकट घर पाडायचे आणि स्लॅबसाठी कर्ज काढायचे, हेही मी पाहिले आहे. दोन्ही वाटा चुकीच्या. आधी दुखणे कोठे आहे ते शोधावे.

या घरांची रचना कशी असते पाहा. कौलांचे ओझे वाशांवर, वाशांचे तुळयांवर, तुळयांचे खांबांवर. खांब उभा असतो दगडावर. त्याला कोणी उथळा म्हणतात, कोणी तळखडा. दगड बसलेला असतो जोत्यात, आणि जोते जमिनीवर. भिंत पुष्कळदा नुसता आडोसा असते, ओझे खांबच वाहतात. म्हणून भेग भिंतीत दिसली तरी दोष बहुधा खांबाखाली असतो.

आणि ओझे केवढे? मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचे. एका चौरस मीटरला सुमारे 15 कौले लागतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर नुसत्या कौलांचे वजन चार टनांच्या घरात गेले, तुळया-वासे वेगळे. एकेका खांबाच्या डोक्यावर काय आहे, ते यावरून ध्यानात घ्या.

हा पाय का बिघडतो? आपल्याकडे पहिला गुन्हेगार पाणी. पेण-रोह्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित वर्गात फळ्यावर जरूर मांडा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. घर दहा मीटर लांब आणि छपराच्या एका बाजूचा पसारा पाच मीटर धरा. पन्नास चौरस मीटर गुणिले तीन हजार, म्हणजे दीड लाख लिटर पाणी एका वळचणीवरून, एकाच रेघेत, जोत्याच्या कडेला पडते. पागोळ्यांनी तेथे चर पडतो, चरात पाणी मुरते आणि जोत्याखालची माती मऊ होते. पेणच्या खारेपाटात तर जमीन आधीच चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा दगड वर्षानुवर्षे खालीवर होत राहतो.

दुसरे पाणी घरातले. न्हाणीचे, मोरीचे पाणी फुटक्या नळातून जोत्यात मुरते, ते बारमाही. तिसरे रस्त्याचे. गावातला रस्ता दर खेपेला वीतभर चढतो आणि अंगणातले पाणी बाहेर जायचे ते घराकडे वळते. चौथे आपल्या हौसेचे. अंगणात, ओटीवर सिमेंटचा कोबा करताना खांबाचे बूड त्यातच चिणून टाकतात. दिसायला सुबक दिसते. पण लाकडात शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि खांब आतून कुजतो. ओल आली की मागोमाग वाळवी येते.

आता परीक्षा कशी करायची ते सांगतो. मोठी हत्यारे लागत नाहीत.

पहिली परीक्षा दाराची. आषाढात अडणारे आणि माघात मोकळे होणारे दार बहुधा नुसते फुगलेले असते. उन्हाळ्यातही अडते ते दार चौकट वाकडी झाल्याची वर्दी देते. दुसरी परीक्षा भेगेची. लिंपणातल्या केसासारख्या भेगांना भिऊ नका. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद झालेली भेग मात्र खाली काहीतरी खचल्याची खूण. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत दर पंधरवड्याला पाहा. भेग रेघेपुढे गेली तर दुखणे चालू आहे. तेथेच राहिली तर जुने आहे, निवांत विचार करा.

तिसरी परीक्षा पातळीची. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका, आणि नळीतल्या पाण्याच्या पातळीने सगळ्या खांबांवर एकाच उंचीची खूण करा. मग खुणेपासून वर तुळईच्या बुडापर्यंतचे अंतर प्रत्येक खांबाशी मोजा. ज्या खांबाशी ते इतरांपेक्षा कमी भरेल, तो खांब खचला. ओळंबा लावून तो कोणत्या बाजूला कलला तेही कळेल. चौथी परीक्षा सुतारकाकांची. खांब बुडाशी हातोडीने वाजवा. ठणठणीत वाजला तर बरा, बद वाजला तर दाभण टोचून पाहा. जोत्यावरून चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा.

आणि पाचवी परीक्षा सगळ्यांत सोपी. मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कोठे पडते, कोठे साचते, कोठे जोत्याकडे वळते ते डोळ्यांनी पाहा. एवढी एक फेरी आमच्या घरी त्या तीन वर्षांत कोणी मारली नाही.

दुरुस्तीचा क्रमही सांगतो, कारण येथेच माणसे चुकतात. आधी पाणी, मग जमीन, मग खांब, आणि भिंत सर्वांत शेवटी. वळचणीला पन्हळ लावा, पागोळ्यांचे पाणी गटारात न्या. जोत्याभोवती दोन हात रुंद जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. फुटकी मोरी बदला. कित्येकदा एवढ्यावरच भेगा थांबतात.

खांबाचे काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीच्या आत पुरे करावे. वैशाखात शाकारणी आहेच. त्या खणावरची कौले आधी उतरवून घ्या, म्हणजे भार हलका होतो. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली धिरे द्या. धिरे नुसत्या सारवलेल्या जमिनीवर टेकवू नका. खाली जाड, रुंद फळी हवी. समोरासमोर दोन पाचरी ठोकून किंवा जॅक लावून तुळई उचलायची ती फार सावकाश, दिवसाला तांदळाच्या दाण्याएवढी. एका दिवसात बोटभर उचलली तर इतर सांधे निसटतात, भिंती फाटतात. अनुभवी सुतार नि गवंडी असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका, आणि काम चालू असताना त्या तुळईखाली कोणाला बसू-निजू देऊ नका. आणखी एक नियम: एका वेळी एकच खांब.

भार धिऱ्यांवर आला की कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढावा. खाली कठीण जमीन लागेपर्यंत खणून, मुरूम ठोकून, दगडी बांधकाम वर आणावे. नवा उथळा कोब्याच्या वर निदान वीतभर उंच ठेवा. कापलेली उंची त्यातच भरून निघते. जास्त कापावे लागले तर ऐनाचा किंवा सागाचा तुकडा लांब तिरका सांधा करून बोल्टांनी जोडावा. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये डांबराचा जाड थर द्यावा, आणि खांबाचे बूड उघडे, वाऱ्यात ठेवावे. वाळवीसाठी पूर्वी ॲल्ड्रिन घालीत. त्यावर आता बंदी आहे. औषध माहीतगाराकडूनच घालून घ्या.

एक गोष्ट अलीकडची. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या जिल्ह्यातली कौले उडाली आणि पुष्कळांनी त्या जागी पत्रे घातले. उथळ्यावरचा खांब वरच्या वजनाने जागेवर राहतो. वजन घटले की वारा छपरासकट त्याला उचलू पाहतो. पत्रे घातले असतील तर खांब लोखंडी पट्ट्यांनी जोत्याशी आणि तुळईशी जखडून घ्या.

पुराचेही तसेच. जुलै 1989 मध्ये अंबा नदीचा पूर नागोठणेकरांनी पाहिला आहे. घरात शिरलेले पाणी ओसरले म्हणजे संकट टळले असे नव्हे. जोत्याखालची माती आतून वाहून गेलेली असते. जोत्यावर काठी आपटा. पोकळ आवाज आला तर तो खण आधी भरून घ्या, मग सामान आत आणा.

आणि काही भेगा दुरुस्त करायच्या नसतात. त्यांच्यापासून पळायचे असते. घरामागच्या डोंगरउतारावर भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर धिरे देत बसू नका. माणसे, गुरे घेऊन बाहेर पडा आणि तलाठ्याला, पोलीस पाटलाला कळवा. 22 जुलै 2021 चे तळिये आणि 19 जुलै 2023 ची इर्शाळवाडी ही आपल्याच जिल्ह्यातली गावे. तेथे पाया नाही, डोंगरच सुटला.

गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. ओळंबा, पाण्याची नळी आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर मुलांचा एक चांगला तास होईल. शाळेच्या पडवीचे खांब मोजायला लावा. मग त्यांना म्हणावे, आपापल्या घरी जाऊन आजीच्या दारापासून सुरुवात करा.

आमच्या त्या खांबाचे बूड बदलले, त्याला आता बरीच वर्षे झाली. तीनदा तासलेले ते दार मात्र तसेच आहे. चौकट सरळ झाली आणि दार लहान ठरले. ते आता अडत नाही, पण पुरते लागतही नाही. फटीतून ओटीवरचा उजेड माजघरात येतो. ती फट आम्ही मुद्दाम बुजवलेली नाही. घरात नवी सून आली, नातवंडे आली, की त्यांना ती दाखवतो आणि सांगतो, दुखणे वर दिसले तरी आधी खाली वाकून पाहावे.