हाड कुणाचं?



मागच्या उन्हाळ्यात आम्ही गटातल्या अकरा जणी नदीकाठच्या एका रानात रोजगार हमीवर शेततळं खोदत होतो. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी माती आणि त्याखाली वाळू-गोट्यांचा घट्ट थर. त्या गोट्यांत एक हाड निघालं. वीतभर लांब, जाडजूड, तपकिरी रंगाचं. हातात घेतलं तर दगडासारखं जड.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बायांना माणसाच्या पायाची नळी सापडली. आमच्या गावची एक लेक नऊ वर्षांपूर्वी सासरहून माहेरी यायला निघाली, ती पोचलीच नाही. तिचं सासर ह्याच नदीच्या काठी, दोन कोसांवर. लोकांनी लगेच सांधा जुळवला. रात्री तिची आई आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला बघू द्या."

आम्ही काम थांबवून पोलीस पाटलांना कळवलं होतं, तेवढं बरं केलं. पण त्याआधी हाड उचलून हापशावर धुऊन टाकलं होतं, ही आमची चूक. माणसाचं असेल अशी शंका आली की हाड होतं तिथेच ठेवायचं, हात लावायचा नाही.

आमच्या एका ताईंचे सासरे, निवृत्त मास्तर, तीस वर्षं दगड आणि जुनी हाडं जमवतात. घरात डालड्याचे डबे भरलेत, त्यावरून ताईंची कटकटही चालू असते. त्यांनी हाड बघितलं आणि म्हणाले, हत्तीचं! त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. गोदावरी, घोड, मांजरा ह्या नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्तींची, रानबैलांची हाडं खरोखर सापडली आहेत. पण हत्तीच्या पायाचं हाड असं एका मुठीत मावेल का? मास्तरांना ते हत्तीचं असावं असं फार वाटत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जनावरांना लाळ-खुरकताची लस द्यायला डॉक्टर आले. त्यांनी हाड उलटं केलं आणि खालचं टोक दाखवलं. दोन रीळ शेजारी-शेजारी ठेवावेत तसे दोन गोल उंचवटे, मध्ये खाच. पुढच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत बारीक पन्हळ. गाय, म्हैस, शेळी यांचा खूर दुभंगलेला असतो. त्यांच्या पायात दोन हाडं जुळून ही एक नळी होते आणि खालच्या एकेका रिळाखाली एकेक खूर येतो. घोड्या-गाढवाचा खूर सलग, म्हणून तिथं रीळही एकच, मधोमध उभा कंगोरा असलेला. आणि माणसाच्या तळपायात त्या जागी पाच सुटी, बारीक हाडं असतात. आपल्याच पावलावर बोटं दाबून बघा, लागतील. असं रीळ असलेलं जाड हाड माणसाच्या अंगात कुठंच नाही.

तरी नुसत्या सांगण्यावर आम्ही राहिलो नाही. मेलेली जनावरं टाकतात त्या माळावरून बैलाच्या पायाची नळी आणली आणि दोन्ही शेजारी ठेवली. आकार तोच. आमचं थोडं रुंद, पण रीळ, खाच, पन्हळ सगळं जागच्या जागी. त्या आईनं दोन्ही खाचांतून बोट फिरवलं. "जनावराचंच ना?" दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मग माझी कुठं आहे?"

हाडाचं राहिलेलं सांगते. मास्तरांनी तापवलेली सुई दोन्ही हाडांच्या कडेला टेकवली. माळावरच्या हाडाला केस जळल्यासारखा वास आला, आमच्या हाडाला आला नाही. म्हणजे ते बरंच जुनं. पण किती जुनं, ते सुईवरून कळत नाही. त्यासाठी ते कोणत्या थरात होतं हे लागतं, आणि आम्ही तर ते आधीच उपटलेलं. तुम्हाला काही सापडलं तर आधी जागेवर फोटो काढा, शेजारी एक रुपया ठेवून. वरून किती हात खाली होतं ते लिहा. फेविक्विक, वॉर्निश काही लावू नका. सावलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास होतो. मास्तर पावसाळ्यानंतर हाड तिकडे नेणार आहेत.

त्या आईशी बोलताना एक गोष्ट कळली. नऊ वर्षांत लेक हरवल्याची नोंद कुणी घेतलीच नव्हती. "येईल परत," म्हणून दोनदा माघारी पाठवलं होतं. पुढच्या सोमवारी आम्ही चौघी तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. दुपारपर्यंत बसलो. शेवटी नोंद झाली. तिची प्रत गटाच्या पेटीत, हिशेबाच्या वहीत ठेवली आहे.