उंबरठ्याबाहेरचा माळवा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयात बोलणाऱ्याने ग्रंथांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्याला ग्रंथ थोडा वेळ मिटून घराबाहेर पडण्याचा आग्रह करणार आहे. व्याख्यानाच्या तयारीसाठी मी आपल्या प्रवासवर्णनांच्या कपाटासमोर उभा राहिलो. तेथे कोकण भेटले, हिमालय भेटला, युरोप तर ठायी ठायी भेटला. माळवा आणि निमाड यांच्या भटकंतीचे मराठी पुस्तक मात्र माझ्या हाती लागले नाही. अडीचशेहून अधिक वर्षे आपण ज्या मातीवर नांदलो, तिच्याविषयी आपण इतके अबोल का राहिलो?

याचे एक उत्तर आपल्या सुट्ट्यांत आहे. आमच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पुण्याची गाडी. पाहावयाचे ते सारे तिकडे, इकडे केवळ नोकरी आणि शाळा, अशी आमची समजूत होती. मीही याला अपवाद नव्हतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार अनेक वर्षे वर्गात शिकविला. पण चंबळेचा उगम महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर आहे, हे पाहावयास वयाची पन्नाशी उलटावी लागली.

तो डोंगर एकदा अवश्य चढावा. इंदूर कोणत्या भूमीवर वसले आहे, याचा उलगडा तेथे होतो. जानापाववर पडलेले पाणी चंबळेतून उत्तरेकडे यमुनेला मिळते आणि गंगेच्या वाटेने पूर्वसमुद्रास जाते. तेथून थोड्याच अंतरावर चोरल नदी मात्र विंध्याचा उतार धरून दक्षिणेकडे नर्मदेला आणि पुढे पश्चिमसमुद्राला पोहोचते. आपण साऱ्या देशाच्या पाणलोटाच्या कण्यावर राहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि वाऱ्यात उभे राहून समजणे वेगळे.

याच चोरल नदीवर पाताळपाणीचा धबधबा आहे. श्रावणात तो पाहावा, पण अंतर राखून पाहावा. 2011 च्या जुलैत वरून अचानक आलेल्या लोंढ्याने तेथे माणसे वाहून नेली. आपल्या डोक्यावर ऊन असले, म्हणून वरच्या रानात पाऊस नाही असे समजू नये.

पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट आगगाडीने उतरण्यात वेगळाच आनंद आहे. 1870 साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यातून खांडवा-इंदूर लोहमार्ग उभा राहिला. घाटात चाळीस फुटांना एक फूट असा चढ आहे. मीटरगेजच्या या मार्गाने आपल्या कित्येक पिढ्या ओंकारेश्वरास गेल्या. 2023 मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड ही वाहतूक रुंदीकरणासाठी बंद झाली. घाटातल्या टप्प्यावर 2018 च्या अखेरीस सुरू झालेली वारसागाडी तेवढी त्या दिवसांची आठवण देते. कालाकुंडच्या फलाटावर पानाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

घाटाखाली निमाड लागतो. महेश्वरचा घाट आणि अहिल्यादेवींचा वाडा आपण पाहतो, लुगडी घेतो आणि परततो. माझी विनंती अशी, की तेथे एक रात्र मुक्काम करावा. पहाटे घाटावर स्त्रियांची स्नाने चालू असतात, आणि मग गल्ल्यांतून मागांचा खटखटाट सुरू होतो. 1795 साली देवी गेल्या, तरी त्यांनी वसविलेल्या विणकरीचा तो आवाज थांबलेला नाही. नर्मदेच्याच काठी रावेरखेडीला 28 एप्रिल 1740 रोजी पहिले बाजीराव वारले. शनिवारवाड्यासमोरचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. समाधी किती जणांनी पाहिली, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

मांडूविषयी मात्र मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. रूपमतीच्या महालातून नर्मदा दिसते, हे आईने कोठेतरी वाचले होते. निरभ्र दिवशी विंध्याच्या कड्यावरून खाली निमाडात ती रुपेरी रेघेसारखी दिसते, हे खरे आहे. मांडू येथून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण कधी परीक्षा, कधी उत्तरपत्रिका, कधी पाहुणे, असे करीत मी अकरा वर्षे घालविली. अखेर नेले तेव्हा तिचे गुडघे चढण चढू देईनात. ती खाली सावलीत बसून राहिली. मी वर जाऊन आलो. तिने एवढेच विचारले, "दिसली का रे?" मी हो म्हणालो. तो होकार मला आजही बोचतो. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दोन तळ्यांमध्ये तरंगणारा जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, खुरासाणी चिंचेची ती थोराड झाडे, पानांत थापून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये, हे सारे मी नंतर अनेकदा अनुभवले. प्रत्येक वेळी बरोबरची एक जागा रिकामी होती.

जवळच्या ठिकाणांचे असेच होते. ती कोठे पळून जात नाहीत, म्हणून आपण थांबतो. आणि थांबता थांबता बरोबरची माणसे निघून जातात.

बाहेरून आलेला माणूस या मातीशी कसे नाते जोडू शकतो, याचा दाखला देवासला आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व 1948 साली तेथे आले. गाणे बंद होते. पण दारावरून जाणाऱ्या माळवी लोकगीतांकडे त्यांचे कान लागले, आणि त्यांतून त्यांच्या गायकीला नवी दिशा मिळाली. ते 1992 साली निवर्तले, तोवर देवासचेच राहिले. चामुंडेच्या टेकडीवर जाल, तेव्हा हे स्मरावे.

शेवटी एक सूचना करतो. शताब्दीनिमित्त ग्रंथालयाने एक कोरी वही ठेवावी. सभासदांनी महिन्यातून एक रविवार जवळच्या एखाद्या गावी, घाटावर वा डोंगरावर जावे, घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून न्यावे, आणि परतल्यावर दोन पाने मराठीत लिहावीत. वाट कशी होती, कोण भेटले, काय खाल्ले, एवढे पुरे. काही वर्षांनी कपाटातील ती रिकामी जागा आपल्याच अक्षरांनी भरेल. पहिली दोन पाने लिहिण्याचे मी येथे कबूल करतो.