तबकडीवर ज्याचे नाव नाही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रांची येथे दिलेले भाषण. मध्ये ऐकविलेल्या ध्वनिमुद्रिकांचे उल्लेख तसेच ठेवले आहेत.)



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून आयकरापर्यंत सर्व विषय होऊन गेले. त्यानंतर अमेरिकेतील टेक्सस प्रांताच्या नाचगाण्यांच्या जुन्या तबकड्यांवर बोलण्यास चिटणीसांनी मला उभे केले, ही त्यांची धिटाई. मी संगीताचा पंडित नाही. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायलींवर शेरे मारीत गावोगाव फिरलो. फायलींत वय गेले की माणसाला एक गोष्ट मात्र पक्की कळते. कागदाखाली सही कोणाची आहे आणि तो कागद प्रत्यक्ष लिहिला कोणी, हे दोन अगदी निराळे प्रश्न असतात. आज मी जे सांगणार आहे ते बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

स्टील गिटार आपल्याला अगदीच परके नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आपण ऐकली आहे. कलकत्त्याच्या सुनील गांगुलींनी वाजविलेली चित्रपटगीते तर कित्येक घरांत होती. गिटार आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवीत न्यायची, म्हणजे मींड आपोआप उमटते. आपल्याकडे विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम् यांचे तंत्र याच जातीचे आहे. गिटारीवर ते आणण्याचे श्रेय हवाई बेटांतील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाला देतात. काळ साधारण १८८० ते १८९० च्या दरम्यानचा. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावले आणि हे वाद्य घराघरांत गेले.

ते टेक्ससला पोहोचले तेव्हा तेथे निराळेच काही शिजत होते. फोर्ट वर्थ शहरातील एका पिठाच्या गिरणीने १९३१ साली आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी रेडिओवर एक वाद्यवृंद बसविला. त्याचे नाव लाइट क्रस्ट डोबॉइज. गिरणीचे व्यवस्थापक ओ'डॅनियल पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. जाहिरातीचे सामर्थ्य तेव्हाही कमी नव्हते. या वृंदातून दोन माणसे बाहेर पडली. १९३२ साली गायक मिल्टन ब्राऊन आणि १९३३ साली फिडलवादक बॉब विल्स. विल्स हा कापसाच्या शेतांत वाढलेला, काही काळ केशकर्तनाचा धंदा केलेला माणूस. या दोघांनी खेड्यांतील फिडल, काळ्या लोकांचे ब्लूज आणि शहरांतले जॅझ एकत्र करून नाचाचे जे संगीत तयार केले, त्याला पुढे वेस्टर्न स्विंग हे नाव पडले. आपल्याकडे एखाद्या फडाने लावणी, नाट्यपद आणि बँडवाल्यांची चाल एकाच बैठकीत बसवावी, तसा तो प्रकार.

'पुढे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. हे नाव रूढ झाले ते १९४० नंतरच्या दशकात, कॅलिफोर्नियात. म्हणजे १९३५ च्या तबकडीवर 'वेस्टर्न स्विंग' असे शोधू जाल तर जन्मभर सापडणार नाही. तेथे फार तर 'फॉक्स ट्रॉट' एवढेच छापलेले असते. आणि स्टील गिटार कोणी वाजविली हे तर छापलेलेच नसते. नाव असते ते वृंदाच्या नायकाचे; बाकी सात-आठ माणसे त्या नावाखाली दडलेली.

मग शोधायचे कसे? पहिला आधार कानाचा. मिल्टन ब्राऊनच्या वृंदात १९३४ च्या अखेरीस बॉब डन नावाचा वादक आला. त्याने आपल्या साध्या गिटारीला विजेचे यंत्र जोडले, आणि जानेवारी १९३५ मध्ये शिकागोला डेक्का कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण झाले, त्यात अमेरिकन ग्रामीण संगीतातले विजेवर चालणारे वाद्य पहिल्यांदा तबकडीवर उतरले असे मानतात. परंतु मला आकर्षण विजेचे नाही. हवाईची गिटार गोड, लांबट, झोपाळ्यासारखी चालते. डन तसे वाजवीतच नाही. जॅझमधील ट्राँबोनवादक जसे तुटक, ठसक्याचे फेकतो, तसे तो तारेवर फेकतो. आता 'टेकिंग ऑफ' ऐका. (ध्वनिमुद्रिका.) एकदा हा आवाज कानात बसला की लेबल न पाहताही, हा डन, हे सांगता येते. मिल्टन ब्राऊन एप्रिल १९३६ मध्ये मोटारीच्या अपघातात गेला, वृंद विस्कटला. डनने पुढे ह्यूस्टनला वाद्यांचे दुकान काढले आणि १९७१ साली तेथेच त्याचा शेवट झाला.

दुसरा आधार क्रमांकांचा. हा माझ्या धंद्याला जवळचा. लेबलाच्या बाहेर, काळ्या गुळगुळीत भागात, सुईने कोरल्यासारखा एक क्रमांक असतो. तो विक्रीचा क्रमांक नव्हे, मुद्रणाचा. आपल्या भाषेत जावक क्रमांक म्हणा. अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशन या कंपनीच्या क्रमांकाआधीची अक्षरे शहरही सांगतात: 'डीएएल' असेल तर डॅलस, 'एसए' असेल तर सॅन अँटोनियो, 'सी' असेल तर शिकागो. क्रमांकावरून तारीख निघते, तारखेवरून त्या दिवशी वृंदात कोण होते ते निघते. तेच मुद्रण व्होकॅलियनच्या लेबलावर, मग ओकेच्या आणि नंतर कोलंबियाच्याही लेबलावर निघालेले असते. क्रमांक न पाहणारा हौशी माणूस एकच तबकडी तीनदा विकत घेतो. टोनी रसेल यांनी १९२१ ते १९४२ मधल्या अशा मुद्रणांची जी प्रचंड सूची केली ती २००४ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केली. ती चाळताना एखाद्या खात्याची आदर्श आवक-जावक वही पाहत असल्याचे समाधान मला मिळते. सौभाग्यवतींचे मत निराळे आहे.

तिसरा आधार बॉब विल्सच्या स्वभावाने दिला. वादन चालू असताना मधेच ओरडून वादकाचे नाव घेण्याची त्याला खोड होती. कंपनीच्या माणसांना ते आवडले नसेल, पण आज शोध घेणाऱ्याला तो हाकारा म्हणजे सही-शिक्काच. लिऑन मॅकऑलिफ हा अवघ्या अठराव्या वर्षी, १९३५ साली, विल्सकडे आला आणि विल्सच्या हाकेमुळे 'लिऑन' हे नाव लेबलावर नसूनही सर्वतोमुखी झाले. १९३६ साली शिकागोत झालेले त्याचे 'स्टील गिटार रॅग' हे या वाद्याचे सर्वांत गाजलेले वादन.

मात्र येथे जरा थांबले पाहिजे. लुइव्हिल शहरातील सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाने नोव्हेंबर १९२३ मध्ये 'गिटार रॅग' नावाचा तुकडा ध्वनिमुद्रित केला होता आणि १९२७ साली पुन्हा एकदा केला होता. तो आणि मॅकऑलिफचा तुकडा पाठोपाठ ऐका. (दोन्ही ध्वनिमुद्रिका.) चाल कोठून आली हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज आहे काय? एकाच्या नावावर ती वाद्याची ओळख झाली, आणि दुसरा १९२७ नंतर संगीत सोडून त्याच शहरात चाकरी करीत राहिला, १९६० साली वारला. त्याच्या थडग्यावर १९९२ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. तो दगड बसविला तेथल्या ब्लूजप्रेमी मंडळाने, आणि त्यांना वीव्हर ठाऊक झाला तो जुन्या तबकड्यांमुळेच. मॅकऑलिफच्या वादनाचा मला आनंद आहे, तो कमी होत नाही. पण केवळ त्याचीच तबकडी कपाटात ठेवणे मला अर्धवट टिपणी ठेवण्यासारखे वाटते. माझ्याकडे त्या दोन्ही एकाच पाकिटात आहेत.

आता आपल्या गावाचा संबंध. रांचीत बसून हे वेड कशासाठी, असे मला पुष्कळांनी विचारले. मंडळी, या तबकड्यांतला चिकटपणा आपल्याच परिसरातला आहे. दगडाची पूड, काजळी आणि लाख मिळून ती तबकडी होई, आणि जगाची लाख मुख्यतः हिंदुस्थानातून, त्यातही छोटानागपुरातील पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरून, कलकत्ता बंदरामार्गे जात असे. १९२४ साली नामकुमला जी लाख संशोधन संस्था निघाली (आज तिचे नाव बदलले आहे) ती या व्यापारापायीच. टेक्ससच्या नाचघरात डनची जी तबकडी झिजली, तिच्यात खुंटीकडची लाख नसेलच असे कोण म्हणेल?

याच लाखेने त्या संगीताचा घातही केला. युद्धामुळे हिंदुस्थानातून जाणारी जहाजे अडली आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धेतर कामासाठी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी केला. नवी तबकडी हवी तर जुन्या आणून द्या, अशी तऱ्हा झाली. लोकांनी पोत्यांनी जुन्या तबकड्या दिल्या आणि त्या दळल्या गेल्या. त्यात कोणते वादन कायमचे गेले याचा हिशेब कोठेच नाही. भरीस भर म्हणून ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादावरून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या दोन कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. स्टील गिटार ऐन बहरात असतानाची ही दोन वर्षे तबकड्यांच्या हिशेबी जवळजवळ कोरी आहेत.

अशा कोऱ्या जागा भरून निघतात त्या रेडिओ केंद्रांसाठी काढलेल्या १६ इंची तबकड्यांमुळे. त्या बाजारात विकायला नसत. काम झाले की परत करावयाच्या किंवा नष्ट करावयाच्या. ज्या कारकुनाने तो आदेश पाळला नाही त्याचे आपण ऋणी आहोत. सरकारी सेवकाने हे जाहीरपणे बोलू नये, पण बोललो. बॉब विल्सने १९४६-४७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स या नावाने दोनशेहून अधिक गाणी अशीच मुद्रित केली. त्यांत नोएल बॉग्ज आणि हर्ब रेमिंग्टन यांची स्टील गिटार आहे, आणि ती विक्रीच्या तबकड्यांपेक्षा मोकळी, कारण दुकानात काय खपेल याची चिंता नव्हती. १९८० च्या दशकात कॅलिडोस्कोप या छोट्या कंपनीने ती एल.पी.वर आणली. त्यांतला एक भाग मला कलकत्त्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, जुन्या तबकड्यांच्या ढिगात, ख्रिसमसच्या गाण्यांखाली सापडला. दुकानदाराने तो हवाईयन म्हणून विकला.

जवळ जुन्या तबकड्या असणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एल.पी.ची बारीक सुई लावू नका. तिला तिची जाड सुईच हवी. आणि त्या स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणारा कोणीही सांगेल.

तसेच आपल्या मंडळाच्या लोखंडी कपाटात स्पूल आणि कॅसेटी आहेत. मी पाहिल्या. त्यांवर 'गणेशोत्सव' आणि साल, क्वचित अध्यक्षांचे नाव. पेटीवर कोण होते, तबल्यावर कोण, कोरसमध्ये कोणाच्या मुली होत्या, काही नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी यंत्र घेऊन कार्यालयात बसणार आहे. काकू-मावशींनी आणि ज्येष्ठ मंडळींनी यावे, ऐकावे, नावे सांगावीत. मी लिहून घेईन. चहाची व्यवस्था चिटणीस करतील.

आता शेवटची ध्वनिमुद्रिका, 'ओक्लाहोमा स्टॉम्प'. लेबलावर नाव आहे स्पेड कूलीचे. तो येथे नायक आहे, स्टील गिटारवादक नव्हे. जी गिटार ऐकू येईल ती वाकीन मर्फीची. जन्म १९२३, मृत्यू १९९९. पेडलची गिटार रूढ होण्यापूर्वीचे हे वादन आहे, सर्व काही एका कांडीवर. पंखा जरा बंद करता का?