रुळांच्या वाटेवरून बस

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली आणि केसेन्नुमा व ओफुनातो या रेल्वेमार्गांच्या किनाऱ्यालगतच्या भागातले रूळ, पूल, स्थानकं वाहून गेली. गावंच उरली नाहीत तिथे रेल्वे पुन्हा कुणासाठी आणि कुठून न्यायची, हा प्रश्न होता. रेल्वे कंपनीने तिथे बस सुरू केली. केसेन्नुमा मार्गावर ऑगस्ट २०१२ मध्ये, ओफुनातो मार्गावर मार्च २०१३ मध्ये.

जिथे भराव शाबूत होता तिथे रूळ काढून डांबर घातलं. वाट एका गाडीपुरतीच अरुंद, म्हणून समोरून येणाऱ्या बससाठी ठरावीक ठिकाणी ती रुंद केलेली. जुन्या बोगद्यांतून आता बस जाते. खासगी गाड्या आत शिरू नयेत म्हणून फाटकं आहेत. वाट तुटलेली असेल तिथे बस सरळ साध्या रस्त्यावर उतरते.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की बसला वाट बदलता येते. लोक उंचावर राहायला गेले, तसे थांबेही त्यांच्यामागे गेले. मिनामिसानरिकू या गावात तर बस इस्पितळापर्यंत पोचते. पुन्हा लाटेचा इशारा आला, तर ती डोंगराकडे वळू शकते. रुळांवरच्या गाडीला हे जमत नाही.

गमावलंही बरंच. आगगाडीचा वेग गेला, लांबच्या प्रवासात गाडी बदलावी लागते. रेल्वे परत यावी म्हणून तिथल्या लोकांनी धरलेला आग्रह मला रास्त वाटतो. केसेन्नुमा स्थानकात आज फलाटाच्या एका बाजूला आगगाडी उभी राहते, दुसऱ्या बाजूला बस.