फणसोंबा कुठला, आणि माडाचा रोग कुठला?



मागच्या बैठकीत एका काकींनी पिशवीतून लाकडासारखा कडक तुकडा काढला आणि विचारलं, "ह्यो फणसोंबोच मां गो?" मी विचारलं, कुठल्या झाडावरचा? ते कुणालाच माहीत नव्हतं. तुकडा शेजारून आलेला. ओळख अडते ती इथेच.

फणसोंबा म्हणजे फणसाच्या खोडावर वाढणारं अळंबं. शास्त्रात त्याला फेलिनस म्हणतात. आपल्याकडे बाळाची लाळ फार गळली, तोंड आलं, की तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. पावसातल्या अळंब्यांसारखा तो चार दिवसांत कुजत नाही, वर्षानुवर्षं खोडाला धरून राहतो. वरून काळपट तपकिरी, भेगाळलेला. खालून बघा, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. मोडला तर आत गंजासारखा रंग. पण असेच दिसणारे दुसऱ्या झाडांवरही येतात! म्हणून फणसावरून काढताना स्वतः बघितला नसेल, तर बाळाच्या तोंडात नको. बघितला असला तरी आधी डॉक्टरांना विचारा. ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर उगाळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता माडाचं. माडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत, वरून व्हार्निश लावल्यासारखं चकचकीत तांबूस आणि कडेला पांढरट अळंबं दिसलं तर तो फणसोंबा नव्हे. तो गॅनोडर्मा, म्हणजे मूळकुजीचा रोग. बुंध्यातून तपकिरी चीक गळतो, खालची झापं लोंबतात, नारळ कमी होतात. अळंबं दिसेपर्यंत रोग आत बराच पसरलेला असतो, त्यामुळे नुसतं ते खरवडून काही होत नाही. मातीतून तो शेजारच्या माडाच्या मुळांकडे जातो. म्हणून रोगट माडाभोवती दोन फूट खोल, एक फूट रुंद चर खणायचा. मेलेला माड बुंधा-मुळांसकट काढायचा. आजूबाजूच्या चांगल्या माडांना दरवर्षी पाच किलो निंबोळी पेंड, जमल्यास ट्रायकोडर्मा मिसळून. आणि रोगट माडाचं पाणी वाहून दुसऱ्या आळ्यात जाऊ द्यायचं नाही, हे आपल्या पाटाच्या पाण्यात फार होतं.

शंका असेल तर तुकडा किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. सोबत चिठ्ठी ठेवा: झाड कुठलं, जमिनीपासून किती उंचीवर होतं, झाड जिवंत की वाळलेलं.