खरवसाचे कौतुक, चिकाची उपेक्षा

(छत्रपती संभाजीनगर येथे जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज सभागृहात पुरुषांची संख्या लक्षणीय आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. एरवी हा विषय निघाला की पुरुष मंडळी व्हरांड्यात जाऊन उभी राहतात. वास्तविक बाळंतिणीच्या खोलीत काय व्हावे, हे ठरवण्यात आई आणि सासूबाई यांच्याबरोबर व्हरांड्यातील या मंडळींचाही वाटा असतोच.

आपल्याकडे गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस होतो, वेलदोडा घालून तो शेजारीपाजारी कौतुकाने वाटला जातो. त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा पहिला चीक मात्र ‘जड आहे, बाळाला बाधेल’ म्हणून पिळून टाकला जातो. खेड्यात नव्हे, या शहरातील सुशिक्षित घरांत मी हे पाहिले आहे. ज्या घट्ट, पिवळसर दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात, ते मोरीत. आणि बाळाच्या ओठी मधाचे बोट!

मध का, असे विचारले तर परंपरेकडे बोट दाखवले जाते. जातकर्म संस्कारात मध-तुपाचा उल्लेख आहे, हे खरेच. परंतु एक वर्षाखालील बालकाला मधातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, हे आज आपल्याला ज्ञात आहे. परंपरेचा अभिमान मलाही आहे. संस्काराचा भाव मंत्रांनी आणि आशीर्वादांनी अवश्य जपावा; पोटात मात्र आईचेच दूध जावे. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, आपल्या उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात पाण्याचाच अंश सर्वाधिक असतो. गुटीबाबत आजीबाई रागावतील, पण तीही नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे.

या विषयाशी आपल्या शहराचे जुने नाते आहे. २००२ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध प्रयत्न सुरू झाले. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले आणि त्याचे मुख्यालय याच शहरात होते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर मिशनने भर दिला. दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणाचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते; २०१२ च्या सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांवर आले. याचे सारे श्रेय स्तनपानाला देणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु या हजार दिवसांचा आरंभ जन्मानंतरच्या पहिल्या घोटापासून नीट व्हावा लागतो.

तो घोट आजही चुकतो आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके मात्र ४१.८ टक्केच. स्त्री रुग्णालयात पोहोचली, पण पहिला तास बाळाला न्हाऊमाखू घालण्यात, नातलगांना दाखवण्यात आणि आता छायाचित्रे काढण्यात निघून जातो. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली आईसुद्धा पडल्या पडल्या पाजू शकते. तिला फक्त कुणीतरी आधार द्यायला हवा.

आता ज्याविषयी घरात क्वचितच बोलले जाते ते सांगते. पाजण्याने आईचे काय होते? ‘ती खंगते’ हा रूढ समज. वस्तुस्थिती वेगळी आहे. बाळ चोखू लागताच ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, गर्भाशय आकुंचन पावते, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचा आहे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले, स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे हा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. बीजकोशाच्या कर्करोगाचा आणि मधुमेहाचा धोकाही कमी होतो. म्हणजे सून पाजते ती केवळ नातवासाठी नव्हे, स्वतःसाठीही. तिला त्यासाठी भूक भागेल एवढे ताट आणि थोडी झोप द्या.

काही मातांना प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. अशाच नाजूक बालकांसाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पावडरच्या डब्याकडे वळण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १९९२ च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नव्हे.

हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना सांगतो. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. तिच्या नावाने एसटी स्थानकांवर कक्ष झाले, चांगलेच झाले. पण तिला कडा का उतरावा लागला, हे आपण विचारत नाही. २०१७ च्या सुधारणेनुसार नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील भगिनीला, बांधकामावरील मजूर स्त्रीला ती कोण देणार? आणि आपल्याच घरी धुणी-भांडी करायला येणारी ताई बाळंत होऊन महिन्याभरात कामावर परतते, तेव्हा तिचे बाळ कुठे असते? तिला बाळ सोबत आणू द्यावे, पाजायला अर्धा तास आणि पंख्याखाली एक कोपरा द्यावा, पगार न कापता. हे उद्या सकाळपासून आपल्याला करता येईल.